लाल अमेरिका, निळी अमेरिका

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



एखाद्या समाजात राजकारण किती खोलवर मुरलं आहे, हे मतपेटीपेक्षा सोयरिकीत लवकर कळतं. १९६० च्या सुमारास अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. तिच्यात लोकांना विचारलं होतं, की तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न केलं, तर तुम्हाला वाईट वाटेल का? शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांनी ‘हो’ म्हटलं. बाकीच्यांना हा प्रश्नच गमतीचा वाटला असणार. जावई रिपब्लिकन आहे की डेमोक्रॅट, हे बघून का कुणी मुलगी देतं?

पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, जवळपास हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. शब्द थोडे वेगळे होते, आशय तोच होता. या वेळी रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोकांनी आपण नाखूश होऊ असं सांगितलं.

आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. १९५८ मध्ये गॅलप या संस्थेने गोऱ्या आणि काळ्या माणसांमधल्या विवाहाबद्दल विचारलं, तेव्हा अशा विवाहाला मान्यता देणारे अमेरिकन शंभरात चार होते. २०२१ मध्ये ते चौऱ्याण्णव झाले. एका आयुष्याच्या अवधीत या समाजाने वर्णाची एक जुनी भिंत बरीच खाली आणली आणि त्याच काळात पक्षाची नवी भिंत उभी केली. ती कशी उभी राहिली आणि तिच्यामुळे काय अडून बसलं आहे, याबद्दल आज थोडं बोलू या.

सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण मराठीत हा विषय मांडताना शब्दच आपल्याला एका बाजूला ओढतात. ‘लिबरल’ला आपण ‘उदारमतवादी’ म्हणतो आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला ‘पुराणमतवादी’. यातला पहिला शब्द म्हणजे कौतुक आणि दुसरा म्हणजे जवळजवळ शिवी. निकाल आधीच लागून जातो! शिवाय ‘उदारमतवादी’ म्हटलं, की आपल्यासमोर न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले उभे राहतात. सनदशीर मार्ग, संयम, हळूहळू सुधारणा. अमेरिकेत १९३० च्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘लिबरल’ हा शब्द आपल्या कार्यक्रमाला जोडला आणि त्याचा अर्थ बदलला. मंदीत होरपळलेल्या लोकांना सरकारने काम द्यावं, म्हातारपणी पेन्शन द्यावं, बँकांवर लगाम ठेवावा, असं मानणारा तो लिबरल. युरोपात मात्र हाच शब्द अजूनही कित्येकदा कमी सरकार आणि मोकळा बाजार यांच्यासाठी वापरला जातो. म्हणून आज मी लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हेच शब्द ठेवणार आहे.

दोघांचं म्हणणं तरी काय आहे? प्रत्येकाची बाजू त्याच्या जागी उभं राहून ऐकली पाहिजे.

कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतो : आमचा देश राजाच्या सत्तेविरुद्ध बंड करून जन्मला. केंद्राच्या हाती फार सत्ता जाऊ नये म्हणूनच १७८७ मध्ये राज्यघटना लिहिली तेव्हा तिच्यात इतके अडसर घातले. माणूस आधी आपल्या कुटुंबाचा, चर्चचा, गावाचा असतो. अडीनडीला तेच धावून येतात. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला माझ्या शेताबद्दल किंवा माझ्या मुलांच्या शाळेबद्दल काय कळतं? मोंटाना किंवा वायोमिंगसारख्या राज्यात पोलिस ठाणं कित्येक मैलांवर असतं. तिथल्या माणसाला घरातली बंदूक ही चैन वाटत नाही.

लिबरल म्हणतो : माणूस मोकळा असायला हवा हे मलाही मान्य आहे. पण आजारपणाच्या बिलापायी ज्याचं घर जातं, तो कसला मोकळा? ज्याच्या आजोबांना वर्णामुळे मतदान करू दिलं नाही, कर्ज दिलं नाही, त्याची आणि माझी शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते का? गाव आणि चर्च चांगलीच, पण ज्यांना तिथे जागा मिळाली नाही त्यांचं काय? अशा वेळी सरकारच धावून येऊ शकतं. आणि दाटीवाटीच्या शहरात राहणाऱ्याला शेजाऱ्याच्या हातातली बंदूक वेगळी दिसते.

या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अमेरिकेत ती सुरुवातीपासून आहेत आणि ती असण्यात बिघडलेलं काही नाही. पूर्वी मात्र ही दोन मतं दोन पक्षांत वाटली गेलेली नव्हती. लिबरल रिपब्लिकन असायचे आणि कॉन्झर्व्हेटिव्ह डेमोक्रॅटही असायचे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर रिपब्लिकन होते आणि सरकारी खर्चाने शाळा-महाविद्यालयं उभारण्यात पुढे होते. मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड डेमोक्रॅट होते आणि काळ्यांना समान हक्क देण्याचे कट्टर विरोधक होते. १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या संघटनेने एक मोठा अहवाल काढला. त्यात तक्रार अशी, की दोन्ही पक्ष इतके सारखे आहेत की मतदाराला निवड करायला नीट वावच राहत नाही. पक्षांनी आपापली भूमिका स्पष्ट करावी! आज तो अहवाल वाचणाऱ्याला हसावं की रडावं, कळणार नाही.

ही सरमिसळ का होती? त्याचं उत्तर यादवी युद्धात आहे. गुलामगिरी मोडणारे अब्राहम लिंकन रिपब्लिकन होते. त्यामुळे हरलेल्या दक्षिणेतला गोरा माणूस पुढची शंभर वर्षं हट्टाने डेमोक्रॅटांना मत देत राहिला. त्याच पक्षात उत्तरेतले कामगार, स्थलांतरित आणि नंतर रूझवेल्टचे लिबरल येऊन बसले. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

हे छप्पर १९६४ मध्ये फुटलं. वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा त्या वर्षी सिनेटमध्ये आला, तेव्हा दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सिनेटरांनी दिवसचे दिवस भाषणं लांबवून तो अडवून धरला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः डेमोक्रॅट होते, टेक्सासचे होते. त्यांच्याच पक्षातली ही फळी मोडायला त्यांना विरोधी पक्षाची मदत घ्यावी लागली. सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपल्या सहकाऱ्यांची मतं गोळा केली. शेवटी कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी बाजूने आणि सहा जणांनी विरोधात मत दिलं. डेमोक्रॅटांपैकी ४६ बाजूने आणि २१ विरोधात होते. म्हणजे ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष, त्याच पक्षात विरोध जास्त.

त्या विरोधात मत देणाऱ्या सहा रिपब्लिकनांपैकी एक बॅरी गोल्डवॉटर होते. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि सपाटून हरले. सहाच राज्यं जिंकली. पण त्या सहांमध्ये एक त्यांचं स्वतःचं अॅरिझोना होतं आणि उरलेली पाच ठेठ दक्षिणेतली होती. लिंकनच्या पक्षाला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, ती आता मिळाली. पुढच्या तीस वर्षांत दक्षिणेतला गोरा मतदार टप्प्याटप्प्याने रिपब्लिकन झाला. उत्तर-पूर्वेतले लिबरल रिपब्लिकन जवळपास नामशेष झाले.

याच काळात धर्माची रेषाही पक्षाच्या रेषेवर येऊन बसली. गर्भपाताचा प्रश्न घ्या. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर ज्या गव्हर्नरांनी सही केली, त्यांचं नाव रोनाल्ड रेगन. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क घटनेत आहे असं सांगितलं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले होते. तोवर हा पक्षांचा प्रश्नच नव्हता. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. १९८० मध्ये चर्चला जाणारा मोठा मतदारवर्ग रेगन यांच्या मागे उभा राहिला. तेव्हा रेगनही बदलले होते आणि पक्षही.

मग एकेक रेषा पहिल्या रेषेवर चढत गेली. धर्म, वर्ण, शिक्षण, शहर की खेडं. पूर्वी एखादा डेमोक्रॅट कामगार रविवारी चर्चमध्ये रिपब्लिकन सावकाराच्या शेजारी बसायचा. राजकारणात भांडण झालं तरी प्रार्थनेत गाठ पडायची. आता ज्याच्याशी मत जुळत नाही, त्याच्याशी चर्च जुळत नाही, वस्ती जुळत नाही, टीव्हीचं चॅनेलही जुळत नाही. बिल बिशप या पत्रकाराने २००८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. १९७६ मध्ये सुमारे एक चतुर्थांश अमेरिकन अशा जिल्ह्यांत राहत होते, जिथे एका पक्षाचा उमेदवार प्रचंड फरकाने जिंकतो. २००४ मध्ये असे लोक जवळपास निम्मे झाले होते. विरुद्ध मताचा माणूस भेटायचाच बंद झाला, की त्याच्याबद्दल वाटेल ते खरं वाटू लागतं.

लाल आणि निळा हे रंगसुद्धा अलीकडचे आहेत. पूर्वी टीव्हीवाले निवडणुकीच्या रात्री नकाशाला मनाला येईल ते रंग द्यायचे. २००० मध्ये बुश आणि गोर यांची लढत पाच आठवडे लोंबकळली. रोज तोच नकाशा दिसत राहिला आणि रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे हे कायमचं ठरून गेलं.

श्रोतेहो, इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जुन्या काळाच्या आठवणीने डोळे ओले करणं सोपं असतं. ‘पूर्वी दोन्ही पक्ष किती सामोपचाराने वागायचे’ असं अमेरिकेत फार ऐकू येतं. वागायचे खरे. पण त्या सामोपचाराची किंमत कोण मोजत होतं? मिसिसिपीत १९६५ पूर्वी मतदार यादीत नाव असलेले काळे नागरिक शंभरात सातसुद्धा नव्हते. दक्षिणेतल्या वर्णभेदाला हात लावायचा नाही, या मूक समजुतीवर दोन पक्षांचा सलोखा कित्येक वर्षं टिकून होता. १९६५ चा मतदान हक्क कायदा आल्यावर दोनच वर्षांत मिसिसिपीतला तो आकडा साठाच्या आसपास गेला. समजूत मोडली, सलोखाही मोडला. फूट पडली ती काही अंशी न्याय झाला म्हणून पडली. तेव्हा जुने दिवस परत यावेत असं म्हणताना ते कुणाचे दिवस होते, हे विचारायला हवं.

पण सगळंच इतिहासाने केलं असंही नाही. काही माणसांनी केलं, काही नियमांनी.

आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून रेडिओचीच गोष्ट घ्या. १९४९ पासून अमेरिकेत एक नियम होता. परवाना घेतलेल्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनी वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर बोललं पाहिजे आणि बोलताना विरुद्ध बाजूलाही जागा दिली पाहिजे. १९८७ मध्ये हा नियम रद्द झाला. संसदेने तो कायद्यात घालायचा प्रयत्न केला, पण रेगन यांनी नकाराधिकार वापरला. त्यांचा युक्तिवाद असा, की काय बोलावं हे सरकारने ठरवणं हाच स्वातंत्र्यावर घाला आहे. तोही युक्तिवाद हलका नव्हता. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. रोज तीन तास, एकच बाजू, विनोद आणि संताप. १९९४ मध्ये चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांच्या हाती आलं, तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्य केलं. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी ही चॅनेलं सुरू झाली. पुढे पहिलं कॉन्झर्व्हेटिव्हांचं घर झालं, दुसरं लिबरलांचं. दुसरीकडे गावोगावची वर्तमानपत्रं मिटत गेली. २००५ नंतरच्या वीस वर्षांत त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक बंद पडली. गावातल्या पुलाची, शाळेच्या बजेटची, पाणीपट्टीची बातमी देणारं कुणी उरलं नाही. पुलाच्या बातमीत लाल-निळं काही नसतं. ती बातमी गेली आणि वॉशिंग्टनचं भांडण तेवढं घरात आलं.

मतदारसंघांचंही तसंच. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात एक मतदारसंघ असा वेडावाकडा आखला, की तो सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसू लागला. तेव्हापासून या चलाखीला ‘गेरीमँडर’ म्हणतात. दोन्ही पक्ष ती करतात. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या रिपब्लिकनांनी जनगणनेची वाट न बघता आपल्याला पाच जागा वाढाव्यात असा नवा नकाशा केला. कॅलिफोर्नियातल्या डेमोक्रॅटांनी उत्तरादाखल आपला नकाशा बदलला आणि तिथल्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये त्याला मंजुरीही दिली. अशा बांधून घेतलेल्या मतदारसंघात खरी निवडणूक होते ती पक्षांतर्गत, म्हणजे प्रायमरीची. तिथे मतदान थोडं होतं आणि येतात ते बहुधा कट्टर. त्यामुळे खासदाराला विरोधी पक्षाची भीती उरत नाही. भीती असते ती आपल्याच पक्षातल्या अधिक कडव्या माणसाची. तडजोड केली की तिकीट गेलं.

याचं मोजमाप सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांत स्वच्छ दिसतं. १९८६ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांना सिनेटने ९८ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली. ते पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह होते आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९३ मध्ये तितक्याच पक्क्या लिबरल रूथ बेडर गिन्सबर्ग यांना ९६ विरुद्ध तीन मतं मिळाली. हे दोघे निकालपत्रांतून एकमेकांवर तुटून पडायचे आणि सुट्टीला ऑपेरा ऐकायला बरोबर जायचे. आता पुढचे आकडे बघा. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हानॉ, ५० विरुद्ध ४८. २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट, ५२ विरुद्ध ४८. २०२२ मध्ये केटांजी ब्राऊन जॅक्सन, ५३ विरुद्ध ४७. विद्वत्ता कमी झाली म्हणून मतं कमी झाली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं झालं. त्यांच्या भांडणाशी आपलं काय देणंघेणं? आपलं देणंघेणं आहे आणि ते फार जवळचं आहे.

१९४६ पूर्वी भारतीय माणसाला अमेरिकेचा नागरिक होण्याची वाट जवळजवळ बंद होती. ती उघडणारा कायदा ज्या दोघांच्या नावाने ओळखला जातो, त्यांतल्या क्लेअर बूथ लूस रिपब्लिकन होत्या आणि इमॅन्युएल सेलर डेमोक्रॅट. तरी वाट अरुंदच होती. वर्षाला शंभर भारतीय. १९६५ मध्ये देशवार कोटा मोडणारा नवा कायदा आला. त्याला विरोध झाला तो मुख्यतः दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांचा. रिपब्लिकनांपैकी बहुतेकांनी बाजूने मत दिलं. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर गेले ते या दारातून. १९९० मध्ये एच-१बी व्हिसा आणणाऱ्या कायद्यावर थोरल्या बुश यांनी सही केली, तेव्हा संसद डेमोक्रॅटांच्या ताब्यात होती. म्हणजे एडिसनमध्ये किंवा सॅन होजेमध्ये आज जे मराठी संसार उभे आहेत, त्यांच्या पायात दोन्ही पक्षांची मतं आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेही याच दाराने आत गेलेल्या पिढीतले.

त्यानंतर मात्र दार ना नीट उघडलं गेलं, ना नीट लावलं गेलं. २०१३ मध्ये चार रिपब्लिकन आणि चार डेमोक्रॅट सिनेटरांनी मिळून स्थलांतराचं मोठं विधेयक तयार केलं. सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाही घेतलं नाही. कायदा होत नाही म्हटल्यावर राष्ट्राध्यक्ष आदेशांनी आणि नियमांनी कारभार करू लागतात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं. एच-१बीवर गेलेल्यांच्या जोडीदारांना नोकरी करता यावी म्हणून ओबामा सरकारने २०१५ मध्ये एक नियम केला. आपल्याकडून गेलेल्या कितीतरी शिकलेल्या मुलींना त्यामुळे कामाची परवानगी मिळाली. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. चार वर्षं टांगती तलवार. २०२१ मध्ये बायडन सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेही एका घोषणापत्राने. घर घ्यावं की नाही, आई-वडिलांना बोलवावं की नाही, या निर्णयांचा आधार चार वर्षांपलीकडे टिकत नाही. पॅरिस हवामान कराराचंही तसंच झालं. २०१६ मध्ये आत, २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये पुन्हा आत आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. असा देश जगाला शब्द कसा देणार?

एवढं ऐकल्यावर वाटेल, की तिथली माणसंच दोन जातींची झाली आहेत. पण सामान्य मतदाराला पक्षाऐवजी नुसता प्रश्न विचारला, तर तो वेगळं उत्तर देतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत एखाद्या प्रश्नावर थेट जनमत घेतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निकाल रद्द केला आणि सहा आठवड्यांत कॅन्ससमध्ये मतदान झालं. कॅन्सस म्हणजे रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. तिथे सुमारे ५९ टक्के लोकांनी राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढायला नकार दिला. २०२४ मध्ये मिसुरी राज्याने ट्रम्प यांना ५८ टक्के मतं दिली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्यालाही साधारण तेवढीच मतं दिली आणि गर्भपाताचा हक्कही थोड्या फरकाने मान्य केला. आता दुसरी बाजू. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने बायडन यांना जवळपास दोन तृतीयांश मतं दिली. आणि त्याच दिवशी सरकारी नोकऱ्यांत आणि विद्यापीठांत वर्णाचा विचार करून झुकतं माप देण्याची पद्धत परत आणण्याचा प्रस्ताव ५७ टक्के मतांनी फेटाळला. म्हणजे लाल राज्यात लिबरल मागण्या मंजूर होतात आणि निळ्या राज्यात कॉन्झर्व्हेटिव्ह कौल मिळतो. मतं अजून मिसळलेलीच आहेत. चिठ्ठ्या मात्र दोनच आहेत.

मग भीती कशाची? मतभेदाची नाही. भीती आहे ती समोरचा निवडून आला तर आपला देशच संपेल, या समजुतीची. ती समजूत रुजली की माणूस हत्यार उचलतो. २०१७ मध्ये बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन खासदारांवर गोळीबार झाला. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. २०२५ च्या जूनमध्ये मिनेसोटातल्या डेमोक्रॅट नेत्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली. सप्टेंबरमध्ये चार्ली कर्क हे कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्ते युटातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांशी बोलत असताना मारले गेले. मारणारे वेगवेगळे, मरणारेही दोन्ही बाजूंचे.

अमेरिकेत एक रिवाज आहे. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीची मतं ६ जानेवारीला संसदेत मोजली जातात आणि अध्यक्षस्थानी असतात उपराष्ट्राध्यक्ष. २००१ मध्ये त्या खुर्चीत अल गोर होते. देशभरात त्यांना पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती, पण फ्लोरिडात ते ५३७ मतांनी हरले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली होती. त्यांच्याच पक्षाच्या काही सदस्यांनी हरकत घेतली, तेव्हा नियमात बसत नाही म्हणून ती गोर यांनी स्वतः फेटाळली. आपला पराभव त्यांनी स्वतः वाचून दाखवला. २०२१ मध्ये त्या खुर्चीत माइक पेन्स होते. निकाल बदलावा म्हणून ट्रम्प यांचा त्यांच्यावर दबाव होता आणि जमाव संसदेत घुसला होता. पेन्स यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे मोजणी पूर्ण केली. चार वर्षांनी परत आलेल्या ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी त्या हल्ल्यातल्या सुमारे पंधराशे जणांना माफी दिली. एका अमेरिकेला ते गुन्हेगार वाटतात, दुसरीला देशभक्त. २०२५ मध्ये त्याच खुर्चीत कमला हॅरिस होत्या. त्यांनी ट्रम्प यांचे ३१२ आणि स्वतःचे २२६ असे आकडे वाचले. तासाभराच्या आत सगळं आटोपलं.

लाल आणि निळ्या अमेरिकेचं भांडण मिटेल असं मला वाटत नाही आणि ते पुरतं मिटावं असंही वाटत नाही. सरकार किती असावं, धर्माची जागा कोणती, बाहेरच्याला घरात किती घ्यावं, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भांडण्यासारखेच आहेत. बघायचं ते एवढंच, की पुढच्या ६ जानेवारीला त्या खुर्चीत बसलेला माणूस, तो कुठल्याही पक्षाचा असो, समोर आलेले आकडे जसेच्या तसे वाचतो का. आणि ते ऐकून हरलेली अर्धी अमेरिका दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाते का.